ॲपवरचा ठिपका पाच दिवस हलत नाही, म्हणजे बोट हरवली का?

ताई, तुमचा प्रश्न काल रात्री वाचला. त्यात तीन-चार प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत, म्हणून आधी मला समजलं ते मांडतो. तुमचा धाकटा भाऊ पहिल्यांदाच बोटीवर गेलाय, इंजिनात वायपर, म्हणजे साफसफाई करणारा मदतनीस म्हणून. जहाज बल्क कॅरिअर, म्हणजे सुटा माल नेणारं, झेंडा पनामाचा, म्हणजे त्याची नोंदणी तिथली. आठ दिवसांपूर्वी ते पारादीपहून मोकळंच सुटलं, दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्स बे बंदरात कोळसा भरायला. मोबाइलवरच्या ॲपमध्ये त्याचा ठिपका श्रीलंकेच्या खाली येऊन थांबला तो पाच दिवस तिथेच आहे. व्हॉट्सॲपवर एकच टिक. गावात कोणीतरी सोमाली चाच्यांचं नाव काढलं आणि तेव्हापासून आईच्या घशाखाली घास उतरत नाही. एका ओळखीच्यांनी सांगितलं की सरकारला एलआरआयटी नावाच्या यंत्रणेतून सगळी जहाजं उपग्रहावरून दिसतात. ते आपल्याला बघता येईल का, आणि सगळं दिसतं तर मग २६/११ कसं घडलं, असं तुम्ही विचारलंय.

मी बेळगावातल्या शहापूरचा. १९८६ला रेडिओ ऑफिसर म्हणून समुद्रावर गेलो. १९९९च्या फेब्रुवारीत जीएमडीएसएस ही नवी संकटसंदेश-व्यवस्था पूर्ण लागू झाली, मोर्स गेलं, आमची जागाही गेली. मग किनाऱ्यावर राहून जहाजांच्या रेडिओ यंत्रांची तपासणी करू लागलो. मुरगाव, मुंबई, कधी मंगळूर. एलआरआयटी आल्यापासून तिच्याही चाचण्या केल्या. सहा वर्षांपूर्वी घरी परतलो. त्यामुळे ठिपका का थांबला हे मी नीट सांगू शकतो. तुमचा भाऊ सुखरूप आहे असं मात्र इथे बसून सांगणार नाही. त्यासाठी त्या जहाजाची आजची बातमी हवी. ती बातमी कोणाकडे असते आणि ती कशी मागायची, हे या उत्तरातलं सगळ्यात कामाचं आहे. घाई असेल तर खाली ‘दुपारचा रिपोर्ट’ म्हटलंय तिथून वाचा आणि आधी फोन लावा, बाकीचं मागाहून वाचलं तरी चालेल.

ॲपवर तुम्हाला दिसतं ते एआयएस. जहाजावरचं हे यंत्र व्हीएचएफ रेडिओवरून सतत ओरडत असतं : मी अमुक, माझी जागा ही, वेग एवढा, तोंड या दिशेला. चालत्या जहाजातून दर दोन ते दहा सेकंदांनी, नांगरावर असेल तर दर तीन मिनिटांनी. मुळात ते एकमेकांवर आदळू नये म्हणून आहे. शेजारच्या जहाजाने ऐकावं एवढीच त्याची अपेक्षा. त्याचा आवाज सरळ रेषेत जातो, पृथ्वीच्या गोलाईमागे वळत नाही. येळ्ळूरच्या राजहंसगडावर उभं राहिलं की बेळगाव शहर दिसतं, पण मधे डोंगर आला की पलीकडचं गाव कितीही जवळ असलं तरी दिसत नाही, तसंच हे. जहाजाजहाजांत साधारण वीस सागरी मैल, किनाऱ्यावर उंच टेकडीवर अँटेना असेल तर चाळीस किंवा थोडं जास्त. सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळून पूर्व-पश्चिम जाणारा जहाजांचा मोठा रस्ता किनाऱ्याला अगदी लागून जातो. तिथे किनाऱ्यावरच्या लोकांनी लावलेल्या रिसीव्हरांनी तुमच्या भावाचं जहाज ऐकलं आणि ते ॲपवर आलं. तिथून जहाज नैऋत्येला वळलं आणि उघड्या हिंदी महासागरात शिरलं. ओरडतंय अजूनही, पण ऐकायला कोणी नाही. एआयएस ऐकणारे उपग्रह आहेत, पण त्यांची माहिती बहुतेक ॲप पैसे घेऊन देतात. फुकटच्या नकाशावर किनाऱ्यापासून दूरचं सहसा येत नाही. त्यामुळे ठिपका ‘थांबला’ हा शब्दच चुकीचा आहे. तिथे जहाज शेवटचं ऐकू आलं, एवढाच त्याचा अर्थ. ठिपक्यावर बोट ठेवलंत तर ‘शेवटचा सिग्नल’ म्हणून तारीख आणि वेळ दिसेल, आणि वेगही. वेग अकरा-बारा नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) दाखवत असेल, तर जहाज चालतं असतानाच ऐकण्याच्या टप्प्याबाहेर गेलं. वेग शून्य दाखवत असेल तर गोष्ट वेगळी, तो मात्र जरूर कळवा.

आता एलआरआयटी. लाँग रेंज आयडेंटिफिकेशन अँड ट्रॅकिंग, म्हणजे लांब पल्ल्यावरून जहाजाची ओळख आणि माग. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने, म्हणजे आयएमओने, मे २००६मध्ये हा नियम सोलास या समुद्रावरच्या जीवसुरक्षेच्या करारात घातला आणि तो १ जानेवारी २००८पासून अमलात आला. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणारी प्रवासी जहाजं, ३०० ग्रॉस टनांची व त्यावरची मालवाहू जहाजं, आणि समुद्रात फिरवता येणारे तेलविहिरींचे प्लॅटफॉर्म यांना ते बंधनकारक आहे. तुमच्या भावाचं बल्क कॅरिअर त्यात नक्की येतं. एआयएस चौकात उभं राहून मोठ्याने बोलतं, कोणीही ऐकावं. एलआरआयटी बंद पाकिटातली चिठ्ठी आहे. जहाजावरचं यंत्र, बहुतेक वेळा इनमारसॅट-सी या उपग्रह-संदेश यंत्रणेचा छोटा घुमट, उपग्रहामार्फत थेट आपल्या झेंड्याच्या देशाने नेमलेल्या डेटा सेंटरला कळवतं. त्यात तीनच गोष्टी : जहाज कोण, कुठे, आणि त्या जागेची तारीख-वेळ. माणसांविषयी एक अक्षरही नाही.

हे नेहमी दर सहा तासांनी, दिवसातून चारदा जातं. बारा नॉटने चालणारं जहाज सहा तासांत ७२ सागरी मैल तोडतं, म्हणजे १३३ किलोमीटर. दोन चिठ्ठ्यांच्या मधे बेळगावहून निघून कोल्हापूर ओलांडून पुढे गेल्यासारखं. गरज पडली तर किनाऱ्यावरून आज्ञा देऊन हा काळ पंधरा मिनिटांपर्यंत खाली आणता येतो, किंवा मधेच एकदा ‘आत्ता कुठे आहेस’ असं विचारता येतं. जहाजावर कोणाला बटण दाबावं लागत नाही. खूपदा ब्रिजवरच्या, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीतल्या, अधिकाऱ्याला चिठ्ठी गेल्याचं कळतही नाही.

ही चिठ्ठी कोणी वाचायची याचे नियम कडक आहेत. तुमच्या मनातला गोंधळ तिथेच आहे, म्हणून थोडा वेळ घेतो. झेंड्याचा देश आपलं जहाज जगात कुठेही असलं तरी बघू शकतो. तुमच्या बाबतीत तो पनामा. ज्या देशाच्या बंदरात जायचं जहाजाने कळवलंय, तो देश बघू शकतो. इथे तो दक्षिण आफ्रिका. आणि किनाऱ्याचा देश आपल्या किनाऱ्यापासून १००० सागरी मैलांच्या आत असलेली जहाजं बघू शकतो, मग ती त्याच्या बंदरात येणार नसली तरी. ही माहिती मागणारा देश तिचे पैसे मोजतो, जहाजाला काही पडत नाही. झेंड्याच्या देशाला सुरक्षेचं कारण असेल तर तो एखाद्या किनारी देशाला माहिती नाकारूही शकतो. शोध आणि बचावाचं काम करणाऱ्यांना मात्र ती फुकट मिळते आणि त्यांच्या आड काही येत नाही.

भारताचं राष्ट्रीय डेटा सेंटर मुंबईत नौवहन महासंचालनालयाकडे आहे. भारतीय झेंड्याच्या जहाजावर भाऊ असता तर ते कुठल्याही समुद्रात मुंबईला दिसलं असतं. पनामाच्या जहाजाचं तसं नाही. पाच दिवस बारा नॉटने म्हणजे साधारण १४०० सागरी मैल. श्रीलंकेच्या टोकापासून एवढं अंतर आफ्रिकेच्या रोखाने मोजलं, तर कन्याकुमारी आणि मिनिकॉय दोन्हीपासून हे जहाज १००० मैलांच्या वर्तुळाबाहेर पडलेलं असणार. म्हणून ‘सरकारला सगळं दिसतं’ हे तुमच्या ओळखीच्यांचं बोलणं अर्धंच खरं. आज या घडीला नित्याच्या हक्काने ते पनामाला दिसतंय, आणि मागितलं तर दक्षिण आफ्रिकेलाही. भारताला बघायचं झालं, तर शोध-बचावाचं कारण हवं. आणि घरच्या लोकांना ते कुठल्याच देशात दिसत नाही. मी स्वतः या यंत्रांच्या चाचण्या घेत होतो, तरी माझा पुतण्या बोटीवर असताना त्याची जागा मी या वाटेने कधी बघू शकलो नाही, आणि ते योग्यच आहे. उघड झालेली जागा चाच्यांनाही उपयोगी पडते.

ही यंत्रणासुद्धा गप्प होते. का होते, याचा एक अनुभव सांगतो. एका कंपनीला झेंड्याच्या देशाकडून पुन्हा पुन्हा विचारणा यायची की अमुक जहाजाच्या चिठ्ठ्या मधेच दोन-तीन दिवस बंद पडतात, मग आपोआप सुरू होतात. जहाज मुरगावला आलं तेव्हा मी चढलो. यंत्र उत्तम, तारा उत्तम, वीज बरोबर. चाचणी घेतली तर चिठ्ठी वेळेत पोचली. नियमाप्रमाणे जागा कळवल्यापासून पंधरा मिनिटांत ती मिळायला हवी आणि मधेच विचारलं तर अर्ध्या तासात उत्तर यायला हवं. दोन्ही झालं. मग मी कप्तानाकडून मागच्या तीन फेऱ्यांचे नकाशे घेतले आणि चिठ्ठ्या कुठे तुटल्या तिथे खुणा केल्या. प्रत्येक वेळी जहाज एकाच दिशेला तोंड करून चाललेलं! वर जाऊन बघितलं. गोदीत दुरुस्ती करताना अँटेनाचा घुमट धुराड्याच्या जवळ सरकवला होता. इनमारसॅटचे उपग्रह विषुववृत्तावर आकाशात जागच्या जागी असतात. जहाज दिवसेंदिवस एकाच रोखाने चाललं की धुराडं घुमट आणि उपग्रहाच्या बरोबर मधे यायचं. जहाज वळलं की वाट मोकळी. दोन मीटरचा खांब लावून घुमट वर घेतला आणि तक्रार संपली. हे सांगण्याचं कारण एवढंच, की सरकारी पडद्यावरसुद्धा जहाज तीन दिवस गायब दिसू शकतं, आणि तेव्हाही जहाजावर स्वयंपाकी पोळ्या लाटत असतो.

दुसरी नेहमीची वेळ म्हणजे जहाजाचा झेंडा किंवा यंत्र बदलणं. तेव्हा जुनं चाचणीपत्र बाद होतं आणि यंत्र नव्या देशाच्या नावे लावून पुन्हा तपासावं लागतं. त्या मधल्या दिवसांत खंड पडतो. शिवाय कप्तानाला अधिकार आहे : माग लागू दिल्याने जहाजाच्या सुरक्षेला धोका आहे असं त्याला वाटलं, तर तो एलआरआयटी बंद करू शकतो. त्याने ते झेंड्याच्या देशाला विलंब न करता कळवायचं आणि लॉगबुकात कारण व वेळ लिहायची. एआयएसबाबतही त्याला तशी मुभा आहे. तांबड्या समुद्रात २०२३च्या शेवटी जहाजांवर हल्ले सुरू झाले तेव्हा कित्येक कप्तानांनी एआयएस बंद ठेवलं. घरच्यांच्या ॲपवरून बोट नाहीशी झाली आणि काळजाचा ठोका चुकला.

आणखी एक मर्यादा आहे, तिच्याविषयी फार कमी बोललं जातं. एआयएस असो की एलआरआयटी, दोघांनाही जागा सांगतो तो जीपीएस. होर्मुझच्या आसपास, काळ्या समुद्रात, भूमध्य समुद्राच्या पूर्व भागात जीपीएसला खोटे सिग्नल देऊन फसवलं जातं. मग जहाज विमानतळावर उभं असल्यासारखं दिसतं. बंद पाकिटातली चिठ्ठी असली तरी आत लिहिलेला पत्ताच चुकीचा असेल तर काय करणार! तुमच्या भावाच्या मार्गावर ही अडचण येऊ नये, पण पुढच्या फेरीला जहाज आखाताकडे गेलं आणि ठिपका वाळवंटात दिसला तर घाबरू नका, म्हणून आताच लिहून ठेवतो.

आता चाच्यांचं. शंका खोटी ठरवून टाकणं मला बरं वाटत नाही, कारण धोका शून्य नाही. सोमाली चाचे २०१०-११च्या सुमाराला हिंदी महासागरात फार आतपर्यंत येत होते. मग बरीच वर्षं ते थंडावले आणि डिसेंबर २०२३मध्ये ‘रुएन’ नावाचं बल्क कॅरिअर त्यांनी नेलं. मार्च २०२४मध्ये भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे १४०० सागरी मैलांवर आयएनएस कोलकाताने त्याला गाठलं, ३५ चाचे शरण आले आणि १७ खलाशी सुखरूप सुटले. तुमच्या भावाचं जहाज जातंय तो मार्ग सोमालियापासून पुष्कळ दूर आणि पूर्वेला आहे. पण मला चाच्यांविषयी खरा धीर देणारी गोष्ट वेगळीच आहे. मोकळ्या बल्क कॅरिअरवर हल्ला झाला तर ती बातमी पाच दिवस दबून राहणं अवघड आहे. प्रत्येक अशा जहाजावर एसएसएएस नावाचं गुप्त बटण असतं, एक ब्रिजवर आणि एक तरी दुसऱ्या जागी. ते दाबलं तर जहाजावर ना घंटा वाजते ना दिवा लागतो, पण झेंड्याच्या देशाला आणि कंपनीला जहाजाची ओळख व जागा पोचते. या भागातली जहाजं यूकेएमटीओ या ब्रिटिश नौदलाच्या केंद्राला स्वेच्छेने आपला प्रवास कळवतात, आणि गुरुग्रामला नौदलाचं आयएफसी-आयओआर हे माहिती केंद्र २०१८पासून हिंदी महासागरातल्या घटनांची नोंद ठेवतं. तिथल्या बातम्या दाबलेल्या नसतात.

आणि देव न करो, जहाज बुडालंच तर? तिथे एलआरआयटीवर विसंबलेलं नाही. जहाजाच्या वरच्या डेकवर एपर्ब नावाचं, हाताच्या कोपराएवढं, पिवळं किंवा नारिंगी यंत्र असतं. जहाज बुडालं की दीड ते चार मीटर खोलीच्या दाबाने त्याची पकड आपोआप सुटते, ते वर तरंगत येतं आणि ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहाला हाक मारतं. आपल्या भागासाठी ती हाक उतरते बेंगळूरला, इस्रोच्या केंद्रात, आणि तिथून तटरक्षक दलाच्या बचाव समन्वय केंद्राकडे जाते. अशी केंद्रं मुंबई, चेन्नई आणि पोर्ट ब्लेअरला आहेत. तपासणीला गेलो की मी सगळ्यात आधी एपर्बची पकड बघायचो, तिची मुदत संपलेली नाही ना, कोणी सोयीसाठी दोरीने बांधून ठेवलेलं नाही ना. दोरीने बांधलेलं एपर्ब जहाजाबरोबरच तळाला जातं. एका जहाजावर तसं बांधलेलं सापडलं, तेव्हा कप्तानाच्या समोर मी ती दोरी कापली आणि त्याने सगळ्या डेकवरच्या पोरांना बोलावून ती दाखवली. भावाशी बोलणं झालं की त्याला सांगा, पहिल्याच आठवड्यात ते एपर्ब कुठे आहे ते बघून घे. वायपर असला तरी त्याला ते ठाऊक असलंच पाहिजे.

२६/११विषयी थोडक्यात. एलआरआयटीचा नियम तेव्हा कागदावर आला होता, पण जुन्या जहाजांना यंत्र बसवायची मुदतच ३१ डिसेंबर २००८नंतरची होती. आणि तो पूर्ण बसलेला असता तरी काही फरक पडला नसता, कारण दहशतवादी आले ते ‘कुबेर’ नावाच्या पळवलेल्या मच्छीमार ट्रॉलरवरून, आणि शेवटी रबरी बोटीतून. मच्छीमार ट्रॉलर हा एलआरआयटीच्या कक्षेतला प्राणीच नाही. ही यंत्रणा मोठ्या, नोंदलेल्या, नियम पाळणाऱ्या जहाजांची. त्यांच्यात काही वावगं दिसलं तर आधी कळावं म्हणून ती आहे. लहान होडीसाठी लागतात किनाऱ्यावरचे रडार, एआयएसची साखळी, मच्छीमारांची ओळखपत्रं, गस्त. मुंबईनंतर ते सगळं उभं करायला घेतलं. वीस मीटरपेक्षा मोठ्या मासेमारी बोटींना एआयएस सक्तीचं झालं. त्याहून लहान बोटींचा प्रश्न कारवारपासून मालवणपर्यंत जाऊन कुठल्याही जेटीवर विचारा, अजून सुटलेला नाही, आणि मला वाटतं खरी उघडी बाजू तीच आहे.

आता दुपारचा रिपोर्ट. मी समुद्रावर असताना रोज दुपारी बारा वाजता कप्तानाचा कागद माझ्या टेबलावर यायचा : जागा, चोवीस तासांत तोडलेलं अंतर, वेग, किती इंधन उरलं, पुढच्या बंदरात कधी पोचू. तो मी मोर्सवर किनाऱ्याला द्यायचो, मुंबईजवळ असलो तर बॉम्बे रेडिओला. एवढी यंत्रं आली, पण तो कागद गेला नाही. आज तो ईमेलने जातो आणि त्याला नून रिपोर्ट म्हणतात. जगातलं जवळपास प्रत्येक व्यापारी जहाज तो आपल्या कंपनीला रोज पाठवतं, कारण त्यावर भाड्याचा आणि इंधनाचा हिशेब चालतो. तुम्हाला एलआरआयटीची गरज नाही ताई. तुमच्या भावाच्या जहाजाची आजची जागा कंपनीच्या कुणातरी कर्मचाऱ्याच्या संगणकावर आत्ता उघडी आहे.

म्हणून फोन कराल तेव्हा ‘जहाज कुठे आहे’ असं विचारू नका. त्यावर ‘सगळं ठीक आहे, काळजी करू नका’ एवढंच उत्तर मिळतं आणि तुमचं समाधान होत नाही. असं विचारा : ‘आजचा नून रिपोर्ट आला का, कालचा आला होता का, आणि त्यात रिचर्ड्स बेला पोचायची तारीख काय दिली आहे?’ हो किंवा नाही, आणि एक तारीख. या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देता येत नाही. सलग दोन दिवस नून रिपोर्ट नाही असं कळलं, तर ती खरी धोक्याची खूण. तेव्हा कंपनीने स्वतःच हालचाल सुरू केलेली असायला हवी.

फोन कोणाला? भाऊ ज्या मॅनिंग कंपनीतून, म्हणजे जहाजांना खलाशी पुरवणाऱ्या कंपनीतून, गेला तिच्या कार्यालयाला, त्याला जहाजावर नेऊन सोडणाऱ्या एजंटाला नव्हे. तुम्ही लिहिलंय की एजंटाचा फोन बंद लागतोय. त्याच्यामागे वेळ घालवू नका. भावाच्या करारपत्रावर कंपनीचं नाव आणि आरपीएसएल क्रमांक असेल. आरपीएसएल म्हणजे खलाशी भरती करण्याचा नौवहन महासंचालनालयाचा परवाना. तो क्रमांक महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ताडून बघता येतो. क्रमांकच नसेल किंवा जुळला नाही, तर मात्र प्रकरण ठिपक्यापेक्षा गंभीर आहे. खानापूर, चंदगड, निपाणी या आपल्या पट्ट्यातली कितीतरी पोरं लाख-दोन लाख भरून परवाना नसलेल्या दलालांमार्फत जातात, आणि जहाजावर पगार अडकला की त्यांच्यामागे कोणी उभं राहत नाही. तसं असेल तर आजच महासंचालनालयाकडे तक्रार नोंदवा, जहाज दिसेपर्यंत थांबू नका.

फोन करण्याआधी एका कागदावर हे लिहून घ्या : जहाजाचं नाव, त्याचा सात आकडी आयएमओ क्रमांक, झेंडा, निघालेलं आणि पुढचं बंदर, भावाचा सीडीसी (खलाशाचं नोंदपुस्तक) आणि इंडोस (भारतीय खलाशांच्या राष्ट्रीय नोंदणीतला) क्रमांक. यात आयएमओ क्रमांक सगळ्यात मोलाचा. जहाजाचं नाव बदलतं, झेंडा बदलतो, मालक बदलतो, तो क्रमांक मोडीत जाईपर्यंत तोच राहतो. कंपनी उत्तर देत नसेल तर हाच कागद घेऊन महासंचालनालयाकडे जा. नून रिपोर्ट बंद पडलेत असं कळलं आणि कंपनी टाळाटाळ करते असं वाटलं, तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. बचाव केंद्राला एलआरआयटीची चिठ्ठी मागवता येते, आणि जहाज दुसऱ्या देशाच्या बचाव हद्दीत असेल तर तिथल्या केंद्राशी तेच बोलतात. फक्त व्हॉट्सॲप लागत नाही म्हणून मात्र तिथे फोन करू नका. ती माणसं खरोखर बुडणाऱ्यांसाठी बसलेली असतात.

व्हॉट्सॲपचं कारण बहुधा साधंच. २०२४च्या डिसेंबरपासून सागरी कामगार करारात जहाजावर खलाशांना इंटरनेट द्यावं अशी दुरुस्ती लागू झाली आहे, पण ते ‘व्यवहारात शक्य असेल तेवढं’. काही जहाजांवर नवं वेगवान इंटरनेट आलंय, काहींवर महिन्याचा डेटा पहिल्या आठवड्यात संपतो आणि पुढचं रिचार्ज कार्ड कप्तानाकडून पगारातून घ्यावं लागतं. पहिल्या फेरीला गेलेलं पोरगं ते मागायलाही बुजतं. आपल्यापैकी बहुतेक जण तसेच होतो.

शेवटी तुमच्या आईसाठी थोडा हिशेब. पारादीपपासून रिचर्ड्स बे हे श्रीलंकेला वळसा घालून साधारण साडेचार हजार सागरी मैल होतं. बारा नॉटने पंधरा-सोळा दिवस. आठ झाले. वाटेत मॉरिशस आणि रियुनियन ही बेटं लागतात, आणि श्रीलंकेपासून तिथवर सुमारे बावीसशे मैल, म्हणजे साडेसात दिवस. त्यातले पाच गेले. जहाज बेटांच्या पुरेसं जवळून गेलं, तर परवा-तेरवा ठिपका एकदम श्रीलंकेहून उडी मारून तिथे दिसेल. दूरून गेलं तर दिसणार नाही, मग थेट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ, आजपासून सात-आठ दिवसांनी. वारा-लाटांनी एखादा दिवस इकडे-तिकडे. हे आकडे एका कागदावर लिहून देव्हाऱ्याजवळ लावा, आणि रोज दुपारी नून रिपोर्टचं विचारून त्याखाली एक टिक करत जा. माझी आई शहापूरच्या घरी कॅलेंडरवर असंच करायची. भाऊ बोलला की तिला आधी फोन द्या, आणि जमल्यास इथे दोन शब्द टाका. जहाजाचं नाव आणि क्रमांक मात्र इथे कोणालाही देऊ नका.